उसाची पावती आणि शाळेचा फळा : वारणेच्या 'वायर्ड व्हिलेज'ची राहून गेलेली बाजू



मला विषय दिलाय तो 'प्राथमिक शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी ऑनलाइन साधने' असा. मी इतिहासाचा माणूस. कुठलं ॲप चांगलं, कुठला व्हिडिओ दाखवावा, हे सांगायला गेलो तर पुढच्या दोन रांगांत बसलेले सर आणि बाई मलाच शिकवतील. त्यामुळे मी ते करणार नाही. मी बोलणार आहे एका यादीबद्दल, आणि त्या यादीतल्या एका ओळीबद्दल.

यादी आहे १९९८ सालची. तेव्हा वारणा परिसरात 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प आला. त्याची उद्दिष्टं लिहिलेली आहेत. सहकारी संस्थांचा कारभार संगणकानं सुधारायचा. गावकऱ्यांना शेती, आरोग्य, शिक्षण यांची माहिती त्यांच्या भाषेत गावातच द्यायची. परिसरातल्या सत्तर गावांचा संगणकीय नकाशा करायचा. आणि प्राथमिक शाळांपासून वरच्या संस्थांपर्यंत दूरशिक्षण पोचवायचं. ही शेवटची ओळ बघा. १९९८ साली, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक शिक्षकांनी इंटरनेट हा शब्द फक्त पेपरात वाचला होता त्या काळात, वारणेच्या खोऱ्यातल्या प्राथमिक शाळेचं नाव तारेनं जोडायच्या यादीत होतं. पुढे त्या ओळीचं काय झालं, हा आजचा प्रश्न.

आधी जागा समजून घेऊ. इथल्या लोकांना सांगायची गरज नाही, पण हे भाषण बाहेरही ऐकलं जाणार आहे म्हणून थोडक्यात. वारणा नदी ही कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची हद्द. दक्षिण काठावर, पन्हाळा तालुक्यात, कोडोलीला लागून वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी इथल्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला आणि मग एकाला एक लागून दूध संघ, वारणा बझार, महाविद्यालय, १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय असं सगळं उभं राहिलं. मुलांचा वाद्यवृंदसुद्धा. खेड्यातल्या पोरांच्या हातात सतार-तबला देणारा साखर कारखाना मला तरी दुसरा माहीत नाही.

नदीच्या दोन काठांचा अजून एक जुना फरक आहे. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. हा कायदा दक्षिण काठाला लागू झाला. पलीकडचा वाळवा-शिराळ्याचा मुलूख बहुतेक ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात. तिकडे विठ्ठलभाई पटेलांचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला १९१८ मध्ये, आणि तोही नगरपालिकांपुरता. म्हणजे होडीतून नदी ओलांडली की पोराची शाळा सक्तीची नाही! शाळा कोणाच्या कागदावर आहे यावर पुष्कळ काही ठरतं, एवढंच यातून लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आता १९९८. त्या वर्षी केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं होतं आणि संगणक खेड्यात नेऊन दाखवायचा नमुना हवा होता. नमुन्यासाठी वारणा निवडलं गेलं, कारण इथे सहकाराचं जाळं आधीच विणलेलं होतं. खर्च सुमारे अडीच कोटी. त्यातला निम्मा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, दहा टक्के स्थानिक. काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे आपण ज्याला एनआयसी म्हणतो त्यांच्याकडे. आणि त्यांच्या जोडीला स्थानिक भागीदार कोण? वारणा विभाग शिक्षण मंडळ. कारखाना नव्हे, शिक्षण मंडळ! त्यामुळे शाळेची ओळ कुणीतरी शोभेसाठी घातली असं म्हणता येत नाही. हेतू होता.

गावोगावी केंद्रं झाली. पन्नासच्या वर गावांत एकेक संगणक, एक प्रिंटर आणि तो चालवणारा एक मुलगा. बाहेरून बघायला लोक येऊ लागले.

आता हे केंद्र दिवसभर काय करायचं ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

ऊस उत्पादकाच्या डोक्यात वर्षभर तीन प्रश्न असतात. नोंद बरोबर लागली का? तोड कधी येणार? वजन आणि बिल किती? लागण केली की क्षेत्र, जात, तारीख यांची नोंद कारखान्याकडे गेली पाहिजे, कारण तोडीचा क्रम त्या तारखेवरून लागतो. आडसाली आधी, मग पुढच्या लागणी, मग खोडवा. नोंद चार दिवस मागे पडली तर तोड चार आठवडे मागे पडू शकते. आणि उभा ऊस वाळला की वजन घटतं. ते नुकसान कुणी भरून देत नाही. गट ऑफिसच्या पायऱ्या, चिटबॉयच्या मागे फिरणं, कारखान्यावर हेलपाटा, त्यात मोडलेला एक दिवस. हे सगळं ज्यानं केलंय त्यालाच कळेल की गावातल्या खोलीत बसून 'तुझी नोंद अमुक तारखेला लागली, तुझ्या उसाचं वजन इतकं, खताची उचल इतकी' असा छापील कागद हातात मिळणं ही काय चीज आहे.

यात एक गोष्ट नीट बघा. माहिती दोन्ही बाजूंनी चालत होती. शेतकरी आपली माहिती वर पाठवायचा, त्याच माहितीवर कारखान्याचं काम चालायचं, आणि त्याचंच उत्तर त्याच्याकडे परत यायचं, पैशाच्या रूपात. माहिती त्याची स्वतःची होती. चुकली तर तो त्याच दिवशी भांडायला यायचा. कुठलीही यंत्रणा टिकते ती अशा भांडणाऱ्या माणसामुळे. प्रिंटर बंद पडला तर बोंब मारणारं कुणीतरी रोज दारात उभं होतं.

शाळेसाठी असं दारात कोण उभं होतं?

कुणी नव्हतं. आणि यात शिक्षकांचा दोष काढायचा नाहीये मला. शाळेकडे साधनं कशी येत आली, ती पद्धत आठवा. एकोणिसाव्या शतकात शिक्षण खात्याचं 'शाळापत्रक' नावाचं मासिक निघायचं. खास शाळामास्तरांसाठी. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री, म्हणजे निबंधमालावाले, या दोघांनी ते चालवलं. विष्णुशास्त्र्यांची लेखणी खात्याला पचली नाही आणि १८७५ मध्ये सरकारनं ते बंद केलं. शिक्षकांसाठीचं साधन वरून येतं आणि वरच्यांना नको झालं की वरच्या वर बंद होतं, याचं हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं उदाहरण असावं.

मग रेडिओ आला. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३चं. मग १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी. ज्यांचं शालेय वय त्या काळातलं आहे त्यांना तिचे कार्यक्रम नक्की आठवत असतील. कार्यक्रम चांगले होते, मी उगीच नावं ठेवणार नाही. पण कार्यक्रम ज्या वेळेला लागेल त्या वेळेला शाळेत वीज हवी, टीव्ही हवा, आणि नेमका तो धडा चालू हवा. तिन्ही एकदम जमायचे दिवस किती? २०१७ मध्ये बालचित्रवाणीही बंद झाली.

आणि १९८७चा खडू-फळा कार्यक्रम, ऑपरेशन ब्लॅकबोर्ड. शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्याची पेटी. खोल्या आणि शिक्षक मिळाले त्याचा उपकार मोठा आहे. पण ती पेटी! नकाशे, विज्ञानाचं साहित्य, मोजमापं. साठा रजिस्टरला नोंद झाली की पेटी कपाटात आणि कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. फुटलं, हरवलं तर भरपाई कोण देणार? तपासणीच्या दिवशी पेटी टेबलावर, दुसऱ्या दिवशी पुन्हा आत. हसू नका. वस्तू जेव्हा 'शाळेची' नसून 'खात्याची' असते तेव्हा शहाणा माणूस हेच करतो.

मग अशा शाळेच्या गावात, चार गल्ल्या सोडून, एका खोलीत संगणक आला. शाळा दोनशिक्षकी. चार वर्ग, दोन माणसं. एक सर मीटिंगला गेले की चारही वर्ग एकट्या बाईंकडे. त्या बाईंनी पोरांना रस्ता ओलांडून त्या खोलीत न्यायचं? एका पडद्यासमोर चाळीस मुलं बसवायची? आणि दाखवायचं काय? मराठीत, तिसरीच्या भागाकाराचं, त्या यंत्रावर होतं तरी काय? माहिती म्हणून जे ठेवण्यासारखं होतं ते मोठ्या मुलांच्या कामाचं, पुढचे अभ्यासक्रम, प्रवेश वगैरे. पहिलीच्या बाईंना त्याचा उपयोग शून्य.

काही वर्षांनी अभ्यासक इथे येऊन बघू लागले तेव्हा त्यांना दिसलं ते हेच. केंद्रं चालू होती, पण उसाच्या कामासाठी. बाकीची उद्दिष्टं कागदावर राहिली होती.

मग झालं असं की २००६च्या सुमारास बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चची माणसं आली. त्यांनी बघितलं की संगणक जर एवढंच काम करतोय, नोंद पाठवायची आणि आकडा मागवायचा, तर त्याला संगणक कशाला पाहिजे? साध्या मोबाइलच्या एसएमएसवर होईल. सात गावांत आठ महिने त्यांनी प्रयोग केला. संगणकाची सगळी कामं फोननं केली, स्वस्तात केली, आणि शेतकऱ्यांना ती जास्त आवडली. घरी बसून वजन कळतंय म्हटल्यावर का नाही आवडणार? प्रयोगाचं नाव त्यांनी ठेवलं 'वारणा अनवायर्ड'. आधी तारा जोडल्या, आता सोडवल्या! त्यावरचा त्यांचा लेख २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला.

त्या लेखाच्या तीन लेखकांपैकी एक केंतारो तोयामा. त्यांनी पुढे २०१५ मध्ये 'गीक हेरसी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तंत्रज्ञान माणसाचा हेतू आणि त्याची ताकद मोठी करतं; ती मुळात नसेल तर निर्माण करत नाही. मला हे बऱ्यापैकी पटतं, पण पूर्ण पटत नाही. वारणेच्या शाळांमध्ये हेतू नव्हता का? ताकद नव्हती का? रात्री जागून कार्डशीटवर अक्षरं कापणाऱ्या बाई तेव्हाही होत्या. बिया, काड्या, चिंचोके गोळा करून गणित शिकवणारे गुरुजी तेव्हाही होते. त्यांनी केलेलं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायला वाट नव्हती. तारेतून साधन खाली यायची सोय केली होती. शाळेतून वर किंवा शेजारच्या शाळेत जायची नव्हती. उसाला ती होती. म्हणून ऊस चालला.

मग कुणी विचारेल, वाट होती की! संगणकावर टाइप करायचं आणि फ्लॉपीवर द्यायचं. इथे मी तुमचा थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण या भागाबद्दल शिक्षणाच्या इतिहासात फारसं कुणी बोलत नाही. फॉन्टबद्दल बोलायचंय मला.

तुमच्यातल्या चाळिशीच्या वरच्या लोकांना हे आठवेल. संगणकावर मराठी टाइप करता यायचं, अगदी छान. पुण्याच्या सी-डॅकनं ऐंशीच्या दशकातच भारतीय भाषांसाठी तंत्र तयार केलं होतं. श्रीलिपी, आकृती असे संच बाजारात होते. पण प्रत्येकाचा आतला हिशेब वेगळा. यंत्राच्या पोटात मराठी अक्षर नसायचंच. इंग्रजी अक्षराला मराठी अंगरखा घातलेला असायचा. कुठल्या अक्षराला कुठला अंगरखा, हे प्रत्येक कंपनी आपलं आपलं ठरवायची. त्यामुळे कोडोलीच्या बाईंनी चौथीची चाचणी टाइप केली आणि ती फाइल दुसऱ्या गावच्या सरांनी उघडली, की अंगरखा गायब आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची रांगोळी. मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळंसुद्धा त्यांचा त्यांचा फॉन्ट उतरवून घेतल्याशिवाय वाचता यायची नाहीत.

याचा अर्थ काय? मराठीत लिहिलेली शाळेची कुठलीही गोष्ट छापता येत होती, पण पाठवता येत नव्हती. शोधताही येत नव्हती. संगणक हा टंकलेखन यंत्राचा श्रीमंत भाऊ होता, एवढंच. झेरॉक्स हेच खरं जाळं. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात एका शिक्षकाची प्रश्नपत्रिका दुसऱ्याच्या हाती लागायची, हेच आपलं त्या वेळचं शेअरिंग.

उपाय जगात तयार होता. युनिकोड १९९१ पासून होता आणि पहिल्यापासून त्यात देवनागरी होती. पण यंत्रांनी ते पाळायला वेळ घेतला. विंडोज २००० पासून देवनागरी नीट चालू लागली. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तरी प्राथमिक शिक्षकाचं भागत नव्हतं, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. विंडोजबरोबर आलेल्या मंगल फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. पेपर वाचणाऱ्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही. पण पहिलीच्या पोराला बाईंनी फळ्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवलाय. छापील कागदावर वेगळंच काहीतरी आलं की ते पोर हात वर करतं, 'बाई, हे काय आहे?' तीच गत 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतल्या त्या अर्ध्या र ची. सुरुवातीच्या कित्येक फॉन्टमध्ये तो उमटायचाच नाही धड. २००९ मध्ये राज्य शासनानं वर्णमालेचा निर्णय काढला आणि त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून सांगितले. लोकांना वाटलं, सरकारला दुसरं काम नाही. पहिलीच्या बाईंना विचारा.

हे सगळं जुळून आलं ते फोनवर. साधारण २०१२-१३ नंतर शिक्षकांच्या खिशात मराठी उमटवणारा फोन आला. दुकानातून स्वतःच्या पैशानं आणलेला. साठा रजिस्टरला नोंद नसलेला! फुटला तर स्वतःचा फुटणार, म्हणून कपाटात नाही गेला. मग जे व्हायचं ते झालं. पाच-सहा वर्षांत जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी स्वतः काय काय बनवलं याची मोजदाद नाही. कृतिपत्रिका, बोलकी अक्षरं, पाढ्यांचे खेळ, कवितांच्या चाली, स्वतःची संकेतस्थळं, स्वतःची ॲपं. काही भिकार होती, खरं सांगतो. रंगांची उधळण, खाली गाणं, वर फुलं पडतायत. पण काही इतकी चांगली होती की तज्ज्ञांची समिती बसवून झाली नसती, कारण ती ज्याच्यासाठी बनवली ते पोर समोर बसलेलं होतं.

या लाटेतलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे रणजितसिंह डिसले. सोलापूर जिल्हा, माढा तालुका, परितेवाडी. २००९ मध्ये ते तिथे गेले तेव्हा शाळेची इमारत गोठ्याला लागून होती. त्यांनी पुस्तकातल्या कवितांना, धड्यांना क्यूआर कोड लावले. फोन धरला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. हे आधी एका वर्गासाठी होतं. २०१७ पर्यंत राज्यानं सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी, केंद्राचा 'दीक्षा' मंच सुरू झाला. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर! त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकले.

पुरस्काराची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यात वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. क्यूआर कोड कुठे छापला? बालभारतीच्या पुस्तकात. म्हणजे प्रत्येक पोराच्या दप्तरात आधीच असलेल्या वस्तूवर. बालभारती १९६७ पासून आहे आणि पुस्तक वाडीवस्तीवर पोचवायची तिची व्यवस्था पक्की आहे. नवीन तार टाकली नाही, चालू असलेल्या तारेला खिळा मारला. वारणेत उसाच्या चालू व्यवहारावर संगणक बसला म्हणून चालला, तसंच हे. चालत्या गाडीत बसलं की पोचतं.

आणि याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. २०१५ मध्ये दोन गोष्टी आल्या. २२ जूनचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासन निर्णय, ज्यानं शिक्षकांना स्वतः प्रयोग करायला पुष्कळ मोकळीक दिली. आणि 'सरल', मुलांची सगळी माहिती ऑनलाइन भरायची प्रणाली. समोर बरेच चेहरे हसतायत, म्हणजे आठवणी ताज्या आहेत. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री अकरा-बाराला उठून पोरांचे आधार क्रमांक भरलेले लोक इथे बसलेत. आता मघाशी मी म्हणालो की माहिती वर गेली पाहिजे. मग इथे तर ती भरभरून वर जात होती! जेवणाची संख्या वर, हजेरी वर, शौचालयाचा फोटो वर. तरी शिक्षकाला ते आपलं का वाटलं नाही? कारण परत काही येत नव्हतं. शेतकऱ्यानं नोंद पाठवली की तोड यायची, बिल यायचं. शिक्षकानं पाठवली की पुढचा रकाना यायचा. चौथीतली अमुक मुलगी वजाबाकीत हातच्याला अडते, हे त्या सगळ्या रकान्यांत कुठेच लिहायला जागा नव्हती. आणि असती, तर 'हे करून बघा' म्हणून उत्तर देणारं पलीकडे कोण होतं? त्या प्रश्नाचं उत्तर मिळायचं ते शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, रात्री साडेनऊला, तीन तालुके पलीकडच्या, कधीही न भेटलेल्या बाईंकडून.

२०२० बद्दल मी फार बोलत नाही, तुम्ही ते अंगावर घेतलंय. एकच नोंद. शाळा बंद झाल्यावर 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत रोजचा अभ्यास फोनवर येऊ लागला. पण घरात फोन एक, तो वडिलांबरोबर रानात. मग २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागली, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. म्हणजे एवढं सगळं झाल्यावर आपण पुन्हा टीव्हीकडे, बालचित्रवाणीच्या दारात आलो. तीन वर्षांपूर्वी कुलूप लावलेल्या दारात! आणि अनेक वस्त्यांवर खरी शाळा भरली ती देवळाच्या ओट्यावर, अंतर ठेवून बसलेल्या आठ-दहा पोरांची. तिथे गुरुजींच्या फोनमध्ये साठवलेलं जे काही होतं, तेच साधन.

आता माझ्या कामाचं सांगतो, आणि थांबतो.

१९९८चा प्रकल्प आम्हा इतिहासवाल्यांना लिहिता येतो, कारण त्याचे अहवाल आहेत, शोधनिबंध आहेत. त्यानंतर शिक्षकांनी जे बनवलं त्याचा इतिहास लिहिता येईल का, याची मला खरंच धास्ती वाटते. संकेतस्थळाचं वर्षाचं भाडं भरलं नाही की ते जातं. शिक्षक निवृत्त झाले, फोन बदलला, ग्रुप सोडला, की संपलं. त्याआधीचं साहित्य तर जुन्या फॉन्टमध्ये सीडीवर पडून आहे आणि सीडी घालायची फट आताच्या लॅपटॉपला नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या 'शाळापत्रका'चे अंक जपणारी जुनी ग्रंथालयं तरी आहेत. २००५ साली कुणा बाईंनी श्रीलिपीत टाइप केलेला पहिलीचा वाचनपाठ शोधायचा तर कुठे जायचं?

म्हणून एक मागणं आहे. घरी, शाळेच्या कपाटात, जुन्या सीडी, पेन ड्राइव्ह, फ्लॉपीसुद्धा, असतील तर टाकू नका. प्रत्येकावर कागद चिकटवून तीन गोष्टी लिहा : कुणी बनवलं, कुठल्या वर्गासाठी, आणि फॉन्ट कुठला होता. फॉन्टचं नाव विसरू नका, ते मिळालं तर आतलं सगळं परत वाचता येतं, नाहीतर रांगोळी. आणि १९९८ ते २००६ या काळात गावातलं केंद्र चालवणारा जो मुलगा होता, तो आता पन्नाशीला आला असेल. तुमच्या गावात असा कुणी असेल तर मला त्याच्याशी बोलायचंय. शाळेतली मुलं कधी त्या खोलीत आली होती का, आणि आली तर त्यांनी त्या यंत्राला काय विचारलं, एवढंच विचारायचंय.

चहा आलाय असं मागून सांगतायत. प्रश्न चहानंतर घेऊ.